२०४८ खणांचा मारिओ

अहमदपूरच्या आमच्या घराचं माळवद उतरवून स्लॅब टाकायचं ठरलं, तेव्हा मधल्या खोलीतल्या फडताळातून एक पत्र्याची पेटी निघाली. वर जुन्या वह्या, खाली धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला आमचा टीव्ही गेम. दोन रिमोट, एक बंदूक, तीन कॅसेटी आणि वायरींचा गुंता. १९९६ च्या दिवाळीत मामांनी तो लातूरच्या गंजगोलाईतून आणला होता, एसटीत मांडीवर धरून.

पुढं मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो, कितीतरी यंत्रं उघडली, पण ह्या डब्याला कधी स्क्रू-ड्रायव्हर लावला नव्हता. ह्यावेळी लावला. लहानपणी मला खात्री होती की आत काहीतरी गच्च भरलेलं असणार. एवढे डोंगर, किल्ले, कासवं कुठंतरी ठेवलेली असणारच ना! झाकण निघालं तर आत तळहाताएवढी पाटी, थोडे सुटे भाग, एक पत्र्याची डबी आणि मधोमध डांबराच्या थेंबासारखे दोन काळे गोळे. बाकी डबा रिकामा.

कासवं जास्त झाली की लुकलुकतात कामून? मारिओला मागं कामून जाता येत नाही? फुंकर मारली की कॅसेट चालती कशी? बंदुकीला बदक कळतं कसं? त्या खोलीत आम्हाला पडलेल्या ह्या प्रश्नांना मोठ्यांकडं एकच उत्तर असायचं, ‘तसंच असतंय ते.’ खरी उत्तरं त्या पाटीवर होती, आणि ती इतकी सुंदर आहेत की कुणीतरी त्याच वेळी सांगायला हवी होती.

डबा कुणाचाही, आतला जीव एकच

कुणाकडं ‘मीडिया’ होता, कुणाकडं ‘लिटल मास्टर’, कुणाच्या डब्यावर नावच नव्हतं. आतली रचना मात्र जपानच्या निंटेंडो कंपनीची. १५ जुलै १९८३ रोजी त्यांनी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचं यंत्र १४,८०० येनला विकायला काढलं. थोडक्यात नाव ‘फॅमिकॉम’. मासायुकी उएमुरा हे त्याचे रचनाकार. त्याचा मेंदू म्हणजे १९७५ साली अमेरिकेत बनलेल्या ‘६५०२’ ह्या प्रोसेसरची सुधारून घेतलेली आवृत्ती. ‘६५०२’ गाजला तो स्वस्ताईमुळं. बाकीचे प्रोसेसर शेकडो डॉलरला असताना हा २५ डॉलरला मिळायचा.

तैवानमधल्या कारखान्यांनी ह्या यंत्राच्या चिपांशी जुळणाऱ्या चिपा बनवल्या. पुढं खर्च आणखी कमी करायला चिपेचं पायवालं काळं कवचही गेलं. उघडा सिलिकॉनचा तुकडा थेट पाटीवर चिकटवायचा, केसाहून बारीक तारांनी जोडायचा आणि वरून काळं रसायन ओतून झाकायचा. मला दिसलेले दोन गोळे तेच. एकाखाली हिशोब करणारा मेंदू आणि दुसऱ्याखाली चित्र काढणारा. ह्या दोघांची कामाची वाटणी हेच ह्या यंत्राचं मर्म आहे.

चॅनेल लागायलंय, थांबा

त्या जुन्या टीव्हीला गेमसाठी वेगळं भोक नव्हतं. एकच वाट होती, अँटेनाची. आमचा अँटेना अंबाजोगाईच्या टॉवरकडं तोंड करून उभा असायचा. गेमनं काय करावं? त्यानं स्वतःच एक टॉवर व्हावं. पाटीवरची पत्र्याची डबी म्हणजे एक चिमुकलं प्रक्षेपण केंद्र. गेमचं चित्र आणि आवाज एका टीव्ही चॅनेलच्या लहरीवर चढवून ती वायरीतून टीव्हीला देते. टीव्हीला वाटतं, हे कुठलंतरी दूरदर्शनच आहे.

म्हणून तर मामा टीव्हीची बारीक चकती फिरवत बसायचे आणि आम्ही सात-आठ पोरं श्वास धरून. मुंग्या, मुंग्या, मग आडव्या पट्ट्या, मग एकदम मारिओ. ‘यायलंय, यायलंय, हात लावू नका!’ दोन घरं पलीकडचे आबा दारात उभं राहून बघायचे.

आमचा टीव्ही चौदा इंची, कृष्णधवल. रंगाची खूण लहरीत वेगळी मिसळलेली असते. कृष्णधवल टीव्ही तिच्याकडं लक्ष देत नाही आणि फक्त उजेड-अंधार घेतो. त्यामुळं आम्हाला मारिओच्या टोपीचा रंग कॉलेजात गेल्यावर कळला. पण त्या राखाडी पडद्यानं आम्हाला एक असं गुपित दाखवलं, जे रंगीत टीव्हीवाल्या पोरांना दिसलं नसतं. एका दुपारी आक्का म्हणाली, ‘आरं, हे वरचं ढग अन् खालचं झुडूप एकच दिसायलेत की.’

आम्ही तिला वेड्यात काढलं. ती बरोबर होती.

ठशांचं गाव

गेमच्या मेंदूकडं कामाला जी स्मृती होती ती फक्त २ किलोबाइट, म्हणजे २,०४८ बाइट. बाइट म्हणजे एक खण समजा. त्यात ० ते २५५ मधला एकच आकडा राहतो. मारिओ कुठं आहे, किती वेगानं जातोय, नाणी किती, वेळ किती उरला, कासव कुठं, त्याचं तोंड कुठल्या बाजूला, सगळं ह्या २,०४८ खणांत. आज संगणकात मराठीचं एक चिन्ह ठेवायला तीन बाइट लागतात. म्हणजे ह्या लेखातला एखादा मोठा परिच्छेद त्या अख्ख्या यंत्राच्या कामाच्या स्मृतीत कसाबसा मावेल.

आता पडदा बघा. तो २५६ ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच. एकूण ६१,४४० ठिपके. प्रत्येक ठिपका चार रंगांपैकी एक आहे एवढंच लिहून ठेवायचं म्हटलं तरी १५,३६० बाइट हवेत. चित्रवाल्या चिपेकडं स्वतःची वेगळी स्मृती होती, तीही २ किलोबाइटच. पंधरा हजारांचं काम दोन हजारांत करायचं कसं?

माझी आजी उंबऱ्यापुढं ठिपक्यांची रांगोळी काढायची. एकवीस ठिपके, एकवीस ओळी, पाऊण तास. पण सणाच्या घाईत तिच्याकडं पत्र्याचे छाप होते. पाऊल, स्वस्तिक, कमळ. छाप ठेवायचा, रांगोळी भरायची, उचलायचा. दहा मिनिटांत अंगण भरायचं. फॅमिकॉमनं हेच केलं. पडद्याचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन पाडले. आडवे ३२, उभे ३०, एकूण ९६०. आणि कॅसेटीत २५६ छापांचा एक संच ठेवला. आता पडदा लक्षात ठेवायचा म्हणजे ‘पहिल्या चौकोनात ३६ नंबरचा छाप, दुसऱ्यात ३६, तिसऱ्यात ७१’ एवढंच. छापाचा नंबर २५५ च्या वर जात नाही, म्हणून तो नेमका एका खणात बसतो. ९६० खण नंबरांना आणि ६४ खण कुठल्या भागाला कुठली रंगपेटी लावायची त्याला. झाले १,०२४. पंधरा हजारांचं ओझं एक हजारावर आलं, आणि दोन हजारांच्या स्मृतीत एक सोडून दोन पडदे मावले.

ढग आणि झुडूप इथं येतात. झुडपासाठी वेगळे छाप खर्च करायचेच नाहीत. ढगाचाच वरचा भाग जमिनीला टेकवायचा आणि पांढऱ्याऐवजी हिरवी रंगपेटी लावायची. रंगीत टीव्हीवर रंग डोळ्यांना फसवतो. आमच्या टीव्हीवर रंगच नव्हता, त्यामुळं आक्काला छाप दिसला. पुढं हे वाचलं तेव्हा मी सगळ्यात आधी तिला फोन केला.

१३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानात आलेला सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा खेळ ४० किलोबाइटचा आहे. ३२ हुकुमांचे आणि ८ चित्रांचे. आठ मोठे टप्पे, प्रत्येकात चार फेऱ्या, पाण्याखालचं जग, किल्ले, गाणी, सगळं धरून. तुमच्या फोनवर सकाळी येणारं शुभ सकाळचं चित्र बहुधा ह्याहून जड असेल.

मागं जाता येत नाही ते का

दोन पडद्यांची जागा कशाला हवी होती? चालण्यासाठी. मारिओ उजवीकडं निघाला की तुम्हाला दिसणारी खिडकी त्या दोन पडद्यांवरून सरकते, आणि न दिसणाऱ्या भागात पुढचे पाइप, पुढच्या विटा उभ्या ओळीनं लिहिल्या जातात. कशावर? मागं सोडून आलेल्या चित्रावर. फेरीचा नकाशाही चित्र म्हणून साठवलेला नाही. ‘इथं पाइप, एवढा उंच’, ‘इथं विटांची ओळ, एवढी लांब’ अशी यादी आहे आणि एकेका वस्तूला दोन बाइट. ती यादी पुढंपुढं वाचली जाते. मागचं जग अक्षरशः पुसलेलं असतं. आमच्या गल्लीत एकजण डावीकडचं बटण दाबून दाबून पडद्याच्या कडेला मारिओ घासत राहायचा. राहिलेलं नाणं आणायचं होतं त्याला. ते नाणं आता कुठंच नव्हतं.

पण मग वरचा स्कोअर का सरकत नाही? खालचं जग पळतंय आणि वरची आकड्यांची पट्टी जागच्या जागी. मला स्वतःला ह्या यंत्रातली सगळ्यात आवडती करामत ही आहे. टीव्हीचा किरण वरून खाली एकेक आडवी ओळ काढत येतो. वरची पट्टी निघेपर्यंत मेंदू चित्रवाल्या चिपेला सांगतो, ‘सरकू नको.’ पट्टी संपली की सांगतो, ‘आता सरक.’ पण किरण नेमका कुठं पोचला हे मेंदूला कळणार कसं? वरच्या पट्टीत नाण्यांच्या आकड्याशेजारी एक छोटं नाणं आहे, आठवतंय? त्या नाण्याचा खालचा भाग म्हणजे एक वेगळी सुटी आकृती मागच्या चित्रावर नेमकी ठेवलेली आहे. किरण तिच्यावरून गेला की चित्रवाली चिप एक खूण वर करते. मेंदू त्या खुणेकडं डोळे लावून बसलेला असतो. खूण दिसली की जग सरकवतो. शोभेचं समजून आपण ज्याच्याकडं कधी पाहिलं नाही, ते नाणं रेल्वेच्या सिग्नलचं काम करत होतं, सेकंदाला पन्नास वेळा.

सुट्या आकृत्या म्हणजे हलणाऱ्या गोष्टी. मारिओ, कासव, गोळ्या. त्या छापांच्या अंगणावर वेगळ्या ठेवल्या जातात. एकूण ६४, आणि एका आडव्या ओळीत जास्तीत जास्त ८. मारिओ दोन आकृत्या रुंद, कासवही दोन. चार जण एका रेषेत आले की ओळ भरली. पाचवा आला तर त्याला जागाच नाही. सरळ सोडून दिलं तर तो कायमचा गायब होईल, म्हणून खेळ लिहिणारे दर चित्रागणिक क्रम बदलायचे. आत्ता हा वगळ, पुढच्या वेळी तो. प्रत्येकजण थोडा थोडा वेळ दिसतो, आणि आपल्याला वाटतं सगळे लुकलुकतायत. कॉन्ट्रा नावाच्या खेळात गोळ्यांचा पाऊस पडला की पडदा थरथरायचा तो ह्यामुळं. आम्ही टीव्हीला चापट मारायचो.

मारिओची मिशी आणि टोपीसुद्धा अशाच अडचणीतून आली. शिगेरू मियामोतो ह्यांनी तो पहिल्यांदा काढला १९८१ च्या डाँकी काँग ह्या खेळासाठी. एवढ्या थोड्या ठिपक्यांत तोंड दाखवता येईना, म्हणून मिशी. केस उडताना दाखवता येईनात, म्हणून टोपी.

आमचा मारिओ हळू चालायचा

हे कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. जपान आणि अमेरिकेचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवतो. आपला ५० वेळा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि टीव्हीची पद्धत त्याला धरून ठरली. त्या काळचे खेळ घड्याळ बघून चालत नाहीत, पडदा मोजून चालतात. एक पडदा झाला की एक पाऊल. आपल्याकडच्या ५० च्या यंत्रात तोच खेळ टाकला की जपानी पोरांचा मारिओ सहा पावलं टाकतो तेवढ्यात आपला पाच टाकतो. गाणंही तसंच. सूर जवळपास तेच राहतात, पण चाल संथ होते.

काही वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा मूळ वेगातलं ते गाणं ऐकलं आणि मला ते घाईत वाजवल्यासारखं वाटलं. माझ्या कानाला अहमदपूरच्या मधल्या खोलीतली चालच खरी आहे. तीच चाल रशियातल्या पोरांच्या कानात असणार, कारण त्यांच्याकडचा ‘डेंडी’ नावाचा असाच गेम ५० वरच चालायचा.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. यंत्रात पाच वादक आहेत. दोन सनईसारखे चढे, एक जाड खर्जाचा, एक खरखरीचा, ज्यातून ढोल-झांजा निघतात, आणि एक रेकॉर्ड केलेला तुकडा वाजवणारा. उडीचा आवाज काढायला सहावा कुणी नाही. पाचातल्याच एकाला आपला सूर टाकून उडी वाजवावी लागते आणि परत गाण्यात शिरावं लागतं. आता खेळताना कान देऊन ऐका, गाण्यातली एक बाजू क्षणभर गळून जाते.

१२८ वा जीव

तिसऱ्या टप्प्याच्या पहिल्या फेरीत, शेवटच्या पायऱ्यांवर येणाऱ्या कासवावर बरोबर उडी मारली की ते पायरीला आपटून परत पायाखाली येतं, पुन्हा आपटतं, आणि जीव वाढत जातात. आमच्या गल्लीत ही विद्या नांदेडहून सुट्टीला आलेल्या एका पोरानं आणली. जीव दहा झाले की आकड्याच्या डावीकडं मुकुट यायचा आणि विसापासून आकड्याच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसायची, कारण मुकुटाशेजारी आकडा दाखवायला तिथं एकच जागा राखलेली होती आणि यंत्र पुढच्या नंबरचे छाप काढत सुटायचं.

मग एकानं हाव केली. अर्धा तास कासव हाणलं. आणि पहिल्याच खड्ड्यात पडल्यावर, गेम ओव्हर! शंभरावर जीव असताना. तो पोरगा रडला होता. कारण असं आहे. एका खणात ० ते २५५ बसतात. पण उणे आकडेही हवे असतील तर खणाची अर्धी जागा उण्यांसाठी ठेवावी लागते. मग ० ते १२७ अधिक, आणि त्यापुढचा आकडा थेट उणे १२८ वाचला जातो. खेळ विचारतो, ‘जीव शून्याखाली गेले का?’ उत्तर येतं, ‘हो.’ संपलं. त्या पोरानं काही चुकीचं केलं नव्हतं. त्याचा खण भरला होता.

बदकाला गोळी कशी लागते

बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. उलट आहे, ती बघते. नळीच्या टोकाला भिंग आणि मागं उजेड ओळखणारा भाग. चाप ओढला की खेळ एका चित्रापुरता पडदा पूर्ण काळा करतो, आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन काढतो. आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर नेम लागला. दोन बदकं असतील तर चौकोन एकामागून एक येतात. उजेड कितव्या वेळी दिसला त्यावरून कुठलं बदक ते कळतं. चाप ओढताना पडदा एकदम चमकायचा तो ह्यासाठी. बल्बकडं रोखून फसवावं म्हटलं तर पहिल्या काळ्या चित्रातही उजेड दिसतो आणि लबाडी पकडली जाते.

म्हणून आजच्या सपाट टीव्हीवर ही बंदूक चालत नाही. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत किरण आला की तो ठिपका त्याच क्षणी पेटायचा. नवा टीव्ही चित्र आधी घेतो, त्यावर हिशोब करतो, मग दाखवतो. तोवर खेळानं बंदुकीला विचारून झालेलं असतं.

आणि हो, एकट्या बदकाच्या खेळात दुसऱ्या रिमोटनं बदक उडवता येतं. आक्काला हे माहीत होतं. मला तिनं तीन वर्षं सांगितलं नाही.

फुंकर आणि ९९९९९९९

कॅसेट म्हणजे टेप नव्हे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आत पाटी आहे, आणि तिच्या कडेला ६० पट्ट्या, तीस एका बाजूला, तीस दुसऱ्या. खाचेतल्या पितळी दातांना त्यांतली एक महत्त्वाची पट्टी नीट टेकली नाही तरी पडद्यावर नुसते चौकोन येतात. पट्टीवर धूळ आणि हवेनं धरलेला थर हे त्याचं कारण. कॅसेट काढून परत घातली की दात पट्टीवर घासतात, थर खरवडला जातो, आणि चालू होते. चालायची ती घासण्यामुळं. फुंकर मध्ये यायची आणि श्रेय घेऊन जायची. उलट तोंडातली वाफ पट्टीवर बसून धातू गंजवते. खोडरबरानं हलक्या हातानं पुसलं की काम होतं. मी ह्या तीनही कॅसेटी तशाच चालू केल्या.

त्यातल्या एकीवर लिहिलंय ‘९९९९९९९ इन १’. लहानपणी मी खरंच हिशोब केला होता की रोज एक खेळला तर किती वर्षं लागतील. खेळ निघतात थोडेच. बाकी तेच फिरून फिरून, कधी तिसऱ्या फेरीपासून, कधी जास्त जीव देऊन. यादीतला नंबर निवडला की मेनू काही खणांत आकडे आधीच भरून खेळ सुरू करतो, बस्स.

पण एका कॅसेटीत अनेक खेळ बसवायची युक्ती खरी आहे. मेंदूला कॅसेटीतले हुकूम एका वेळी फक्त ३२ किलोबाइटच दिसतात. कॉन्ट्रासारखा खेळ त्याहून कितीतरी मोठा. पारायणाला पोथी मांडीवर घेतात तेव्हा दोनच पानं उघडी असतात. पोथी मोठी असते, वाचणारा पान उलटतो. कॅसेटीत एक जादा चिप असते, ती पान उलटायचं काम करते.

लाइट गेली

त्या दोन काळ्या गोळ्यांना ५ व्होल्ट लागतात, अडॅप्टर देतो ९ च्या आसपास. मधला एक तीन पायांचा भाग उरलेले व्होल्ट उष्णतेत घालवून पाच नेमके पुढं देतो. डबा तापायचा तो त्यामुळं. आई दर तासाला त्यावर हात ठेवून बघायची आणि म्हणायची, ‘इस्त्री झालीय, बंद कर आता.’

ह्या भागाला नीट काम करायला सातेक व्होल्ट तरी यावे लागतात. संध्याकाळी रानातल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडं बल्ब पिवळा व्हायचा. भिंतीत २३० च्या जागी दीडशे आले की अडॅप्टरमधून सहाच्या आसपास येणार. मग पाचाचे पाच राहत नाहीत, मेंदू एखादा हुकूम चुकीचा वाचतो, आणि किल्ल्याच्या ऐन दारात मारिओ थिजून पडदाभर आकडे पसरतात. आम्ही कॅसेटीला दोष द्यायचो. पुढं भारनियमन आलं तेव्हा तर प्रश्नच मिटला.

वीज गेली की २,०४८ खण त्याच क्षणी रिकामे होतात. मारिओच्या कॅसेटीत बॅटरी नाही, काहीच जपून ठेवलं जात नाही. पण एक फरक फार थोड्यांच्या लक्षात आला असेल. रिसेट दाबलं तर पहिल्या पडद्यावरचा ‘टॉप’ आकडा तसाच राहतो. वीज घालवली तर शून्य होतो. रिसेटनं फक्त मेंदू पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागतो, खणांतले आकडे तिथंच असतात. खेळ सुरू होताना मारिओ एका ठरलेल्या खणात बघतो. तिथं मागच्या वेळी त्यानंच ठेवलेली खुणेची संख्या असली आणि टॉपच्या आकड्याचे सगळे खण ठीक दिसले, तर तो समजतो की वीज गेलेली नव्हती, आणि आकडा पुसत नाही.

मामांच्या हे लक्षात आलं होतं. १९९७ च्या मे महिन्यात त्यांनी एका रात्री आमच्या गल्लीतला सगळ्यात मोठा आकडा केला. टीव्ही बंद केला, पण गेम चालूच ठेवला. डब्याखाली दोन पेन्सिली सारल्या, वारा लागावा म्हणून. सकाळी आक्काच्या वर्गातल्या पोरांना तो आकडा दाखवायचा होता. पहाटे चारला लाइट गेली.

दुरुस्तीत मी तो तीन पायांचा भाग बदलला, त्याला मोठा ॲल्युमिनियमचा पत्रा लावला, सुकलेले कपॅसिटर काढले, चार सांधे पुन्हा डाग दिले. लातूरहून नळीचा जुना टीव्ही मिळाला, ह्यावेळी रंगीत. मागच्या रविवारी मामा आले होते. वय पंच्याहत्तर, बोटं वाकडी झालीत, पण अंगठा अजून बटणावरच बसतो. संध्याकाळभर खेळले. झुडूप बघून म्हणाले, ‘आक्का खरं म्हणत होती की रं.’

जाताना त्यांनी टॉपचा आकडा मला मोठ्यानं वाचायला लावला. टीव्ही मी रात्री बंद केला. गेम इन्व्हर्टरवर जोडलाय, खाली दोन पेन्सिली आहेत. आज आठवा दिवस.